जड पाण्याचं वरण

मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या आहेत. दोन्ही उजेडाकडे धरून बघा, कशातच गाळ नाही. वास घ्या, वास नाही. आता एकीत साबणाचा थोडा कीस टाका, बूच लावा आणि दहा मोजेपर्यंत जोरात हलवा. फेस आला ना? बाटलीच्या गळ्यापर्यंत पांढराशुभ्र फेस. आता तेवढाच कीस दुसरीत टाका आणि हलवा. दहा झाले, वीस झाले, हात भरून आला तरी फेस नाही. वर नासलेल्या दुधासारखा चोथा तरंगतोय.

आणि आता शेवटची कल्पना करा. पहिली बाटली तुमच्या मास्तरांच्या घरची आहे, दुसरी तुमच्या. तुम्ही दोघं एकाच इमारतीत राहता आणि दोघांच्या नळाला एकाच टाकीचं पाणी येतं.

सातवीतली वैजंता सुरवसे त्या दिवशी अशाच दोन बाटल्यांपुढे उभी होती.

"सर, परत हलवा," ती म्हणाली.

मी परत हलवली. चोथाच.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, ते वैजूच्या मेसचं पाणी आहे. त्यात सोडा असतो!" सगळा वर्ग हसला. मी डस्टर आपटून वर्ग शांत केला. वैजंता रडली नाही, कुणाकडे वळूनही बघितलं नाही. तिची नजर माझ्या बाटलीवर होती.

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची, लातूरची. मी तेव्हा विज्ञान शिकवत असे. साबणाला फेस न येऊ देणाऱ्या पाण्याला पुस्तकात दुष्फेन म्हणतात, आमच्याकडे जड पाणी म्हणतात. लातुरात धरणाचं पाणी नळाला आठ दिवसांतून एकदा यायचं. बाकीचा कारभार बोरवर. बोरचं पाणी जड, त्यात तूरडाळ शिजत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बोरवर राहणाऱ्या बायका वरणापुरती एक कळशी गोड्या पाण्याची कुठून तरी मागून आणत. तिला 'डाळीची कळशी' म्हणत, आणि घरात तिला दुसऱ्या कामासाठी हात लावलेला चालत नसे.

घंटा झाली. मुलं गेली. वैजंता थांबली.

"सर, तुमची बाटली कोणत्या नळाची?"

"स्वयंपाकघरातल्या."

"माझीपण तीच. आपली टाकी एकच ना सर?"

"एकच."

"मग?"

एवढंच म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला उत्तर कळलं होतं. तिलाही कळलं होतं.

आमच्या इमारतीचे मालक माणिकराव देशमाने. गच्चीवर त्यांच्या दोन टाक्या होत्या, एक गोड्या पाण्याची, एक बोरची. स्वयंपाकघरांना गोडं, न्हाणीघरांना बोरचं, असं भाड्याने घर देतानाच ठरलेलं. वरच्या मजल्यावर मी नि माझी बायको. खाली पुढच्या बाजूला मालक, आणि मागच्या दोन खोल्यांत नि पडवीत वैजंताची आई, कौसल्याबाई. नवरा वारल्यावर या बाईने क्लाससाठी गावोगावहून आलेल्या पोरांची मेस काढली होती. साठ पोरं जेवायची. तिच्या वरणासाठी पोरं दुपारी लवकर येऊन रांगेत बसायची.

त्या वर्षी संक्रांतीनंतर तिची डाळ शिजेनाशी झाली.

तिने आधी वाण्याशी भांडण काढलं. मग वाणी बदलला, मग दुसऱ्यांदा बदलला. डाळ रात्रभर भिजत घातली. एकदा शंका येऊन तिने मालकांना विचारलंसुद्धा, "मालक, आमच्या नळाचं पाणी बदललं का ओ?" त्यावर माणिकराव देवघराकडे हात करून म्हणाले, "देवाशपथ नळाचंच आहे बाई. तुमची डाळ जुनी." आमच्या बोरचं पाणी खारट नव्हतं, नुसतं जड होतं. जिभेला फरक कळत नसे. पातेल्यांच्या बुडाला पांढरा थर धरू लागला होता, पण मालकांनी देवाची शपथ घेतलेली. मग त्या बिचारीने पापडखार घालायला सुरुवात केली. आधी चिमूट, मग दोन चिमटी, मग चमचा. डाळ शिजली, पण वरणाला साबणासारखी चव यायला लागली. पोरांची पोटं बिघडली. 'सोड्याची मेस' असं नाव पडलं, आणि साठाची एकोणीस पोरं उरली.

एके दिवशी त्या एकोणीस पोरांसमोर माणिकराव अंगणात उभे राहिले. हातात कौसल्याबाईंच्या वरणाची वाटी. त्यांनी ती सगळ्यांसमोर तुळशीच्या कट्ट्याशी उपडी केली आणि म्हणाले, "लेकरांच्या अन्नात माती कालवते ही बाई. चांगली डाळ विकून खाते अन् जुनी शिजवते. या महिन्याअखेर जागा रिकामी करायची. अन् पुन्हा या गावात मेसची पाटी लावलेली दिसली, तर मी आहे अन् तू आहेस."

कौसल्याबाई पदराने हात पुसत राहिली. वैजंता पडवीत ताटं मांडत होती. तिने राहिलेली ताटं मांडली. सगळी एकोणीस.

बाटल्यांच्या तासानंतरच्या रविवारी, मालक दुपारचे झोपले असताना, मी नि वैजंता जिन्याखाली गेलो. तिथं जमिनीत सिमेंटचा एक चौकोनी खड्डा होता, वर लोखंडी झाकण. आत सगळ्या नळांचे कॉक. प्रत्येक स्वयंपाकघराला नि अंगणातल्या नळाला दोन-दोन, एक गोड्याचा, एक बोरचा, म्हणजे ऐन उन्हाळ्यात गोडं पाणी संपलं तर बोरवर काम चालावं. मेसच्या जोडीतला गोड्याचा कॉक घट्ट बंद होता. बोरचा पूर्ण उघडा. दोन्हींवर नवं ग्रीस चकाकत होतं.

वैजंताने बोट लावून पाहिलं, मग बोट फ्रॉकला पुसलं.

"काहून असं केलं असंल सर त्यांनी?"

"तुमच्या जागेत त्यांना कॉम्प्युटरचा क्लास घालायचाय म्हणे. आई स्वतःहून निघत नव्हती."

"मग नीघ म्हणायचं होतं की तोंडानं."

मी गोड्याचा कॉक उघडला, बोरचा बंद केला. संध्याकाळी कौसल्याबाईची डाळ तीन शिट्ट्यांत शिजली. ती माउली आनंदाने वाटी घेऊन वर आमच्याकडे आली, "सर, वाणी सुधारला बघा!" कॉकांचं आम्ही तिला अजून सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गत. मी पाहिलं, कॉक पुन्हा फिरलेले. परत उघडला. संध्याकाळपर्यंत परत बंद. आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या कॉकांच्या मुठीच काढून नेलेल्या, नुसते चौकोनी दांडे उरलेले.

मग मी सरळ माणिकरावांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसून पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावत होते. त्यांच्या लेकीचा, सुलूचा, साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता.

"या मास्तर, या. बरे आलात, तुमची पत्रिका हातानंच देतो."

मी कॉकांचं बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुंकवाचं बोट पंच्याला पुसलं.

"मास्तर, तुम्ही शाळेत शिकवता ना?"

"हो."

"तिथंच शिकवा. इथं टाकी माझी, पाइप माझा, भिंत माझी. कुणाला कोणतं पाणी पाजायचं ते मी ठरवणार. बाईची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, जाईल निमूट." मग हसून म्हणाले, "तुमचा करारपण दिवाळीलाच संपतोय, नाही का?"

माझ्या बायकोचं तेव्हा पाठीचं दुखणं चालू होतं. दुसरं घर बघायचं, सामान हलवायचं, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी पत्रिका घेतली आणि वर आलो. जिन्यावर वैजंता बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही पत्रिका घेतली," ती म्हणाली.

"घेतली."

ती उठून बाजूला झाली, मला वर जायला वाट दिली.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्या दारात आली. अंगणात मांडव पडला होता. नळाची पाळी त्याच दिवशी होऊन गेली होती आणि माणिकराव येईल त्याला सांगत होते, "टाकी काठोकाठ भरलीय. उदगीरचे पाहुणे आहेत, वरण कसं लोण्यासारखं होईल बघा."

"सर, तुमच्याकडं पाना आहे का?"

"कशाला?"

"सायकलचा नट ढिला झालाय."

वैजंताकडे सायकल नव्हती. मी आत गेलो, हत्यारांच्या पेटीतून मोठा पाना काढला आणि तिच्या हातात दिला.

"सर, कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो?"

"घड्याळाचे काटे फिरतात त्या बाजूला बंद. उलट्या बाजूला उघडतो."

"अन् एक बंद करून दुसरा उघडला, तर लगेच कळतं का कुणाला?"

"लगेच नाही. पाइपात साठलेलं पाणी आधी येतं. साधारण दोन बादल्या. मग नवीन."

"मांडवातल्या नळाची जोडी कोणती?"

"डावीकडून दुसरी."

इतकी नेमकी उत्तरं मी वर्गातसुद्धा कधी दिली नसतील. ती पाना फ्रॉकमागे लपवून खाली गेली. बायकोने आतून विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "वैजू. अभ्यासाचं विचारत होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खिडकीत उभा होतो. वैजंता अंगणातल्या नळावर चूळ भरत होती. तिने वर पाहिलं आणि एकदाच मान हलवली.

आचारी निवृत्तीमामा निलंग्याहून आले होते. सत्तरीचे, वाळक्या अंगाचे, डोक्यावर टोपी. तीनशे पानांचा स्वयंपाक. आठ वाजता त्यांनी वीस किलो तूरडाळ चढवली. दहा वाजता त्यांनी पळीवर चार दाणे घेऊन अंगठ्याने दाबले. परत टाकले. लाकडं पुढे सारली. अकराला परत दाबले.

मी नि वैजंता जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून बघत होतो. एखाद्या तमाशाला पुढची जागा मिळावी तसे.

"शिजंना सर," तिने कुजबुजून सांगितलं.

"नाही शिजायची."

बारा वाजता अंगठ्या घालून झाल्या. साडेबाराला पंगत बसली. भात वाढला, वांग्याची भाजी वाढली, बुंदी वाढली. वरण नाही. वरणाशिवाय भाताला हात कुणी लावायचा? नवऱ्या मुलाची आत्या, ठुशी घातलेली जाडजूड बाई, मोठ्याने म्हणाली, "काय ओ व्याहीबुवा, भाताकडं बघून पोट भरायची रीत आहे का तुमच्यात?" पंगतीत खसखस पिकली. माणिकराव हात जोडत म्हणाले, "आलं आलं, दोन मिनिटांत आलं." दोनाची वीस झाली. नवऱ्या मुलाच्या बापाने पानावरून हात उचलून मांडीवर ठेवला.

"सर, व्याही चिडला."

"दिसतंय."

"अजून चिडंल."

"चिडू दे."

खरं सांगतो मुलांनो, मला आनंद होत होता. माणिकरावांच्या कपाळावरून फेट्याखालून घाम निथळत होता, आणि तो प्रत्येक थेंब मला गोड लागत होता. वैजंताचे डोळे तर नुसते लकाकत होते. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

शेवटी माणिकराव चुलीकडे धावले.

"काय झालं काय डाळीला?"

"मालक, पाण्याचा दोष आहे," निवृत्तीमामा म्हणाले. "पाणी जड आहे. चाळीस वर्षं चूल फुंकतोय, मला कळतं की."

"जड? माझ्या नळाला? काल धरणाचं पाणी भरलंय मी! पाण्याला नावं ठेवतो?"

"देवाशपथ मालक..."

"शपथा मला नको सांगू! माझी चांगली डाळ घरी पाठवलीस अन् जुनी शिजत घातलीस. अन्नाचा चोर!"

त्यांचा हात असा हवेत फिरला, की मामांची टोपी उडून राखेत पडली. मारलं की धक्का लागला, कोण जाणे. पण तीनशे माणसांनी बघितलं. "पुन्हा या जिल्ह्यात कुणाच्या मांडवात तुझी चूल पेटलेली दिसली," माणिकराव म्हणाले, "तर मी आहे अन् तू आहेस."

मामांनी टोपी उचलली नाही. उघड्या डोक्याने ते खाली बसले, पिशवी चाचपून पापडखाराची पुडी काढली. चिमूट टाकली. ढवळलं. दाबून पाहिलं. परत चिमूट. मग पुडीच उपडी करायला निघाले.

माझ्या हातावरची पकड सैल झाली.

"आईपण असंच करायची," वैजंता म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतली लकाकी गेली होती.

"सर, आपण मालकाला मारलं ना? मग त्या मामांना कसं लागलं?"

"बस वैजू," मी म्हणालो. "आत्ता नको. संध्याकाळी मी मामांना गाठून सांगतो सगळं."

"तुम्ही सांगाल?"

ती मला टोचून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. परत द्यायला आणून पायरीवर ठेवलेला पाना तिने उचलला आणि खाली उतरली.

ती थेट चुलीपाशी गेली आणि मामांच्या हातातली पुडी धरली. "मामा, नका टाकू. डाळ तुमच्यामुळं नाही. मांडवातल्या नळाचा कॉक मी फिरवलाय. त्याला बोरचं पाणी येतंय."

मांडवातलं बोलणं थांबत थांबत अगदी थांबलं.

"काय म्हणाली ही पोरगी?" नवऱ्या मुलाच्या बापाने विचारलं.

"काही नाही, भाडेकरणीची आहे, जरा वेडसर..." माणिकराव तिच्या दंडाला धरायला पुढे झाले. ती त्यांच्या हाताखालून निसटली, जिन्याखाली पळाली आणि त्या लोखंडी झाकणावर मांडी घालून बसली. पाना मांडीवर.

"तुम्ही आमचा फिरवला तसाच फिरवला," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या पंगतीपर्यंत पोचला. "संक्रांतीपासून. आईची सगळी पोरं गेली. तुम्ही वाटी उपडी केली सगळ्यांसमोर. तुम्हाला ठाऊक होतं पाणी कोणतं आहे ते."

"ऊठ तिथनं! कुणी शिकवलं तुला हे?"

पायरीवर उठून उभं राहायला मला फार वेळ लागला असं आजही वाटतं. पण उभा राहिलो. "मी शिकवलं," मी म्हणालो. "पानाही माझाच आहे. आणि कॉक मी स्वतः दोनदा पाहिलेत, माणिकराव. ती म्हणते ते खरं आहे."

मेसच्या दारात कौसल्याबाई येऊन उभी होती. पिठाचे हात तसेच.

आत्याबाईंनी पदर खोचला. "व्याहीबुवा, हे खरं आहे का? ज्या घरात आमची सून वाढली, त्या घरात विधवा बाईची डाळ अशी बाटवतात?"

माणिकराव बघत होते. एका बाजूला तीनशे पानं, दुसऱ्या बाजूला झाकणावर बसलेली बारा वर्षांची पोर. तिला उचलून फेकणं त्यांना दोन हातांचं काम होतं. पण ते व्याह्यांसमोर करता येण्यासारखं नव्हतं.

"ऊठ बाळ," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "चूक झाली. उघड तो कॉक."

"मला नका सांगू."

ते कौसल्याबाईकडे वळले. "कौसल्याबाई, कॉक मी फिरवला होता. तुमच्या डाळीत काही खोट नव्हती."

"पोरांना सांगाल?" कौसल्याबाईने विचारलं. "जी सोडून गेली त्यांना?"

"सांगीन."

"अन् मामांची टोपी," वैजंता म्हणाली.

माणिकराव वाकले. रेशमी धोतर सावरत त्यांनी राखेतली टोपी उचलली, झटकली, निवृत्तीमामांना दिली. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि डोक्यावर बसवली. "मालक, तासाभरात नवं वरण देतो," ते म्हणाले. "फक्त पाणी द्या."

तेव्हा वैजंता उठली. झाकण बाजूला सारलं, खड्ड्यात उतरली. सगळा मांडव माना उंचावून बघत होता. तिने पाना लावला. बोरचा एक कॉक घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवून बंद केला, गोड्याचा एक उलट्या बाजूला फिरवून उघडला. मी मोजत होतो. डावीकडून चौथी जोडी. तिच्या आईची.

मांडवाच्या जोडीला तिने हात लावला नाही. वर आली, झाकण परत बसवलं.

"अगं, मांडवाचा राहिला की!" माणिकराव म्हणाले.

"तो राहू द्या. पाणी तुमच्या घरातलं नको, आमच्या नळाचं न्या. पहिल्या दोन बादल्या सांडून टाका, मग गोडं येईल."

कौसल्याबाई दारातून बाजूला सरली. स्वतःच्याच इमारतीतल्या त्या दोन खोल्यांच्या उंबऱ्याशी माणिकराव थांबले, आणि त्यांना विचारावं लागलं, "येऊ का आत?"

"या," ती म्हणाली. "हंडा मोरीवर आहे."

ते फेटा बांधलेल्या डोक्याने, खांद्यावर तांब्याचा हंडा घेऊन बाहेर आले. पंगतीच्या मधून चालत चुलीपर्यंत गेले. जरीची शाल पाण्याने भिजून पाठीला चिकटली होती. वीस किलो डाळीला किती हंडे लागतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्या हंड्याला ते धापा टाकत होते. तिसऱ्याला नवऱ्या मुलाच्या बापाला राहवलं नाही, तो बाह्या सारून उठू लागला.

तेव्हा वैजंताने पाना पुन्हा मांडीवर घेतला, त्या झाकणावर नीट मांडी घालून बसली आणि त्याला म्हणाली, "तुम्ही बसा काका. पाहुण्यांनी पाणी वाहायचं नसतं."